डोंगरकड्याचे अनारसे

डोंगरकडा, ता. कळमनुरी
२९ नोव्हेंबर १९९९

चि. शीतल हिला पद्मामावशीचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि. इकडं सारं बरं हाय असं पहिल्या ओळीत लिहावं लागतं म्हणून लिहिलं, पण बरं न्हाई. आपला धम्मदीप पकडल्या गेला.

सुट्टी संपवून पोरगं मागच्या आठवड्यात आखातात परत गेलं, हे तुला ठाऊक हाय. तिथल्या विमानतळावर उतरलं आन् पोलिसांनी बाजूला घेतलं. त्याच्या खोलीतल्या सोबत्यानं वारंगा फाट्याच्या एसटीडी बूथवर निरोप दिला, की बॅगेत नशेचा माल सापडला. फोन तुझ्या काकांच्या कानाला होता. ते त्या सोबत्यालाच रागावले, की नाव चुकलं असंल, धम्मदीप मुंजाजी कंडक्टरचं पोरगं हाय. जल्मभर ज्यांनी दारू पिलेल्या माणसाला एसटीत चढू दिलं न्हाई, त्यांच्या पोराला सुपारीचं खांडबी माहीत न्हाई. एसी दुरुस्त करणं, एवढंच त्याला येतं.

बॅग मी सोताच्या हातानं भरली. कपडे, कुरुंद्याची हळद, लिंबाचं लोणचं आन् पत्र्याच्या डब्यात अनारसे. मला वाटतं हळदीनंच घात केला. तिकडच्या लोकांनी एवढी पिवळी हळद कधी पाहिली नसंल.

फोन करायचा तर बूथवाले तातेराव गिऱ्हाइकाचं सारं बोलणं ऐकून राहतात. मी फाट्यावरून घरी येईपर्यंत ओट्यावर समजूत घालायला बाया येऊन बसलेल्या. म्हणून कागदावर लिहून राहिले. तू मुंबईत परदेशी जाणाऱ्या मजुरांच्या हक्काच्या हापिसात लागली, तेव्हा मी तुझ्या आईला म्हणले होते, हे कसलं काम, सोयऱ्यांना काय नाव सांगायचं. आता मीच गावभर सांगून राहिले. लेकराला सोडवायचं बघ.

माया हाय ती पातळ होऊ देऊ नको.
तुझी पद्मामावशी


मुंबई
९ डिसेंबर १९९९

ती. मावशीस व काकांस शीतलचा सप्रेम जयभीम. वि. वि. पत्र पोचलं. सहा तारखेला चैत्यभूमीवर काका दरवर्षी भेटतात. या वर्षी दिसले नाहीत, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती.

मावशी, हळद सुटली. तिच्यावर कुणाचाही संशय नाही. अटक अनारशांना झाली आहे.

अनारशाला तू जी खसखस लावतेस, ती अफूच्या बोंडातून निघते. आपला कायदा त्या बीला हात लावत नाही, म्हणून ती वाण्याकडे मिळते. तिकडच्या कायद्यात मात्र ती अफूच्याच रांगेत बसते. त्यात धम्मदीपदादानं विमानात चहाबरोबर भरपूर अनारसे खाल्ले. उतरल्यावर लघवी तपासली, तर तिच्यात अफूचा अंश निघाला. म्हणजे बाळगणं हा एक गुन्हा आणि सेवन हा दुसरा. वर अरबीत लिहिलेल्या जबाबावर त्याची सही घेतली. दादाला वाटलं, बॅग परत मिळाल्याची पोच आहे.

हसू नकोस आणि रडूही नकोस. चार वर्षांची कैद होऊ शकते, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. आमच्या वकीलबाई म्हणतात, आपण दोन गोष्टींसाठी भांडायचं. अनारसा हे खाणं आहे हे दाखवायचं. आणि ज्याला आरोप त्याच्या भाषेत समजावून दिला नाही, त्याचा जबाब त्याच्याविरुद्ध धरू नये, हा हक्क मागायचा. त्यासाठी अनारसे कसे केले, कुणासाठी केले आणि का केले, याचं प्रतिज्ञापत्र कळमनुरीहून करून पाठव. त्याच्याबरोबर रहिवासाचा दाखलाही हवा. काकांना म्हणावं, जेवण सोडू नका.

तुमची माया आहे तितकी मला पुरते, पण वाढली तर नको म्हणणार नाही.
आपली शीतल


डोंगरकडा
२४ डिसेंबर १९९९

चि. शीतलला मावशीचा जयभीम. वि. वि. कळमनुरीला वकिलाकडं जाऊन आलो. माणूस भला हाय, पण त्याला अंदाज कळत न्हाई. खसखस किती, असं त्यानं विचारलं. मी म्हणले, चिमूट चिमूट, अंदाजानं. कोर्टात अंदाज चालत न्हाई म्हणे. मग चिमूट किती वजनाची ते पाहायला आमी शेजारच्या सोनाराकडं गेलो. माझी चिमूट आन् तुझ्या काकांची चिमूट काही केल्या बराबर येईना. सोनार म्हणला, कोणाची धरायची ते घरून ठरवून या.

वकिलानं टाइप केलं, की खसखस दोन्ही बाजूंनी लावतात. मी सही केली न्हाई. दोन्हीकडून लावली तर ती तुपात करपून जाती, असं खोटं लिहून कसं देऊ. कागद परत टाइप केला. मग काहून केले हा सवाल. वकिलानं आपल्या मनानं दिवाळी लिहिली. तुझे काका खुर्चीवरून उठले. म्हणले, आमच्या घरी दिवाळी करत न्हाईत, पोरगं प्रवासाला निघालं म्हणून केले असं लिहा. वकिलानं समजावलं, की सणाचं नाव घेतलं तर कोर्टाला लवकर पटंल. काका म्हणले, पटो न पटो. तिसऱ्यांदा टाइप झालं. मी खाली सारी काळजी घेतल्याचं लिहायला लावलं, की गूळ बेताचा घातला, कारण तो जास्त झाला तर अनारसा हसतो.

सुरक्षेची चौकशी म्हणून पोलीसबी येऊन गेला. मुंजाजीच्या घरी अनोळखी माणसं येतात का, असं त्यानं शेजारच्या किशनरावांना विचारलं. किशनराव म्हणले, रोजच येतात, चहा घेतल्याबिगर पद्माबाई कोणाला जाऊ देत न्हाई. त्यानं ते तसंच लिहून घेतलं आन् मग आमच्याकडं येऊन चहा घेतला. खसखस कोणाकडून आणली हेबी विचारलं. त्या दिवसापासून वाण्यानं खसखशीचं पोतं कुठं दडवलं त्यालाच ठाऊक. गावातल्या लग्नात भाज्यांचा रस्सा पातळ होऊन राहिला आन् लोक माझ्याकडं पाहून राहिले.

काकांची तब्येत ठीक हाय. रोज संध्याकाळी फाट्यावर जाऊन उभे राहतात. काहून ते सांगत न्हाईत.

तिथं एकटी राहती, जिवाला जप. आमचा जीव तुझ्यापाशीच हाय.
तुझी मावशी


मुंबई
१७ जानेवारी २०००

ती. मावशीस व काकांस शीतलचा मनापासून जयभीम. वि. वि. मावशी, तुझ्या प्रतिज्ञापत्रानं तिकडच्या कोर्टात गोंधळ केला. इंग्रजी करणाऱ्यानं शब्दाला शब्द ठेवला आणि अरबी करणाऱ्यानं त्यावरून अरबी केलं. न्यायाधीशांनी वाचलं आणि विचारलं, की आरोपीची आई स्वतः लिहून देते की प्रमाण जास्त झालं की हसू येतं, मग ही नशा नाही तर काय आहे. अनारसा तुपात फुटून पसरला की आमच्याकडे तो हसला असं म्हणतात, आणि हसलेला अनारसा पाहून बाई रडतात, हे तिथल्या वकिलाला फोनवर समजावताना वकीलबाईंचा घसा बसला.

दुसरी अडचण जिल्ह्याची. दादाचा पासपोर्ट जुना. त्यात डोंगरकडा परभणी जिल्ह्यात आहे. तुम्ही पाठवलेल्या दाखल्यात ते हिंगोली जिल्ह्यात आहे. तिथले सरकारी वकील म्हणतात, आरोपीला दोन घरं आहेत आणि त्यातलं एक त्यानं लपवलं. मे महिन्यात जिल्हा नवा झाला पण गाव तिथंच राहिलं, असा दाखला हिंगोलीहून आणा.

तिसरं काम काकांचं. नुसते अनारसे खाऊनही लघवीत अंश येतो, हे इथल्या प्रयोगशाळेत कुणीतरी खाऊन दाखवायला हवं. डॉक्टरांची अट एवढीच, की खाणारा पक्का निर्व्यसनी असावा. मला काकांशिवाय दुसरं नाव सुचलं नाही. त्यांना डबा देऊन पाठव.

आणखी एक. दादाच्या कोठडीत फाट्याजवळच्या बंजारा तांड्यावरचा ओमप्रकाश नावाचा ड्रायव्हर आहे. त्याच्यासाठीही अर्ज करावा असं आमच्या कार्यालयात चाललं आहे.

आशीर्वाद पाठवत राहा, त्यांना टपालखर्च नाही.
आपली शीतल


तुरुंगातून
३० जानेवारी २०००

ती. आईस आणि बाबांस धम्मदीपचा जयभीम. वि. वि. आपल्या वकिलातीतला माणूस भेटायला आला आहे, त्याच्या हाती हे पत्र देतोय. मी बरा आहे. इथल्या साहेबाच्या खोलीतला एसी बंद पडला होता, तो मी चालू केला. तेव्हापासून अफूचं कुणी विचारत नाही, एसीचंच विचारतात. बाबा, मी सही केली ती चूक झाली. पण समोर चौघं उभे होते, भाषा कळेना, आणि मला फक्त बाहेर पडायचं होतं. रात्री तेच आठवतं.

आई, शीतलनं तुला ओमप्रकाशचं लिहिलंच असेल. तो मोठा ट्रेलर चालवायचा. पाठीचं दुखणं लागलं, कुणीतरी गोळ्या दिल्या आणि पुढं त्या गोळ्यांशिवाय राहवेना. त्या त्याच्या बॅगेत सापडल्या. पहिल्या आठवड्यात गोळ्या बंद झाल्यामुळे तो थरथर कापायचा. मी डॉक्टर मागितला, तर पहारेकऱ्यानं मलाच गप्प बसायला सांगितलं. त्याला बाजारातली अरबी येते. माझ्यावर काय आरोप आहे, हे मला त्यानंच पहिल्यांदा विचारून सांगितलं. पण कोर्टातली अरबी त्यालाही येत नाही. त्याच्या सुनावणीला दुभाषी नव्हता. त्याला वाटलं, पुढची तारीख पडली. कोठडीत परत आल्यावर कळलं, की गोळ्या विकल्या म्हणून चार वर्षांची शिक्षा झाली.

त्याची आई भिकाबाई. पोराचा फोन येत नाही म्हणजे त्यानं तिकडेच बायको केली, असं तिला वाटत असणार, असं ओमप्रकाश म्हणतो. जमलं तर भेटून ये.

दोघांनी भांडत राहा, म्हणजे घर चालू आहे असं मला वाटेल.
तुमचा धम्मदीप


डोंगरकडा
१४ फेब्रुवारी २०००

चि. शीतलला मावशीचा जयभीम. वि. वि. उद्याच्या गाडीनं तुझ्या काकांना पाठवून राहिले. सोबत डबा हाय. वाण्याला आधी वचन दिलं, की त्याचं नाव कुठं निघणार न्हाई, तेव्हा त्यानं खसखस दिली. वाटंत डबा उघडू नका, असं मी काकांना सांगितलं, पण त्यांच्यावर लक्ष ठेवायला गाडीत कोण हाय.

दुसरं जरा नाराजीनं लिहिते. त्या तांड्यावरच्या पोराचं नाव माझ्या लेकराच्या कागदाला जोडू नका. त्यानं गोळ्या खाल्ल्या, हे तोच सांगतो. माझ्या लेकरानं अनारसे खाल्ले. दोन्ही एका सुतळीत बांधले तर कोर्ट म्हणंल, दोघं सारखेच. भिकाबाईंची तकलीफ मला कळती, पण आधी माझं लेकरू घरी येऊ दे. धम्मदीपनं भेटून ये म्हणलं हाय. मी गेले न्हाई. जाऊन काय सांगू.

राग आला तर मनात ठेवू नको, लिहून टाक.
तुझी मावशी


मुंबई
३ मार्च २०००

ती. मावशीस शीतलचा जयभीम. वि. वि. काका परवा निघाले, तुझ्यापर्यंत पोचले असतील. पण ते सगळं सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते.

डॉक्टरांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, व्यसन कधीपासून आहे. काका उठून उभे राहिले आणि म्हणाले, तपासायच्या आधी निकाल देणारा डॉक्टर मला चालणार नाही. त्यांना बसवलं. मग त्यांनी अनारसे खायला घेतले. डॉक्टरांनी बस म्हटलं तरी थांबेनात, पुरावा कमी पडायला नको म्हणाले. त्या रात्री त्यांचं पोट बिघडलं, तेही तपासून घ्या म्हणत होते. अहवाल आला. त्यानुसार काका पुरते अफूबाज निघाले. तो कागद त्यांनी माझ्या हॉस्टेलच्या वॉचमनला, मेसच्या बाईंना आणि बसस्टॉपवर उभ्या असलेल्या एका गृहस्थांना वाचून दाखवला. नापास होऊन इतका खूश झालेला माणूस मी पाहिला नाही.

आता तू लिहून टाक म्हणालीस, म्हणून लिहिते. काकांच्या कागदावर अफूच्या अंशाचा जो शब्द छापला आहे, तोच ओमप्रकाशच्या कागदावर आहे. त्या शब्दापुढचं काकांचं म्हणणं सगळे ऐकून घेतात, कारण विचारायला मी आहे, वकीलबाई आहेत, तू आहेस. त्याचं कुणी ऐकलं नाही. त्यानं गोळ्या खाल्ल्या हे खरंच. पण खरा गुन्हा असला तरी दुभाषी लागतो, आणि आजारी माणसाला डॉक्टर लागतो. हे फक्त निर्दोष माणसाला मिळत असेल, तर तो हक्क नव्हे, बक्षीस झालं. दादाचा अर्ज वेगळा राहील, त्याला धक्का लागणार नाही, हा माझा शब्द. पण ओमप्रकाशचा अर्ज आम्ही करणार आहोत आणि त्यावर भिकाबाईंची सही हवी आहे.

लहान तोंडी मोठा घास घेतला. तुझ्याच हातचं खाऊन वाढलेलं तोंड आहे, सांभाळून घे.
आपली शीतल


डोंगरकडा
२८ मार्च २०००

चि. शीतलला मावशीचा जयभीम. वि. वि. तुझं पत्र वाचून मी तुझ्यावर चांगली रागावले. भाकरी थापताना तुला बोलून घेतलं. मग काकांना म्हणले, मी तांड्यावर जाऊन येते. ते म्हणले, मीबी येतो. ते येता येता रस्त्यात भेटंल त्याला अहवाल दाखवू लागले, म्हणून मी पुढं निघून गेले.

भिकाबाई अंगणात तुरी झोडपून राहिल्या होत्या. पोरगं तुरुंगात हाय, असं मी सांगितलं. त्या आधी म्हणल्या, म्हणजे बायको न्हाई केली. मग हातातलं दांडकं खाली ठेवून बसल्या. गोळ्यांचं सांगावं का नको, मला उमजंना. त्यांनीच सांगितलं. मागच्या सुट्टीत लेकरू झोपायचंच न्हाई, अंगणात इकडून तिकडं फिरायचं. पाठ दुखती म्हणायचं. त्यांनी तेल चोळलं, काढे दिले. याला कोणता डॉक्टर असतो ते त्यांना ठाऊक नव्हतं. मलाबी ठाऊक न्हाई शीतल. माझ्या लेकराची पाठ दुखली असती तर मीबी तेलच चोळलं असतं.

त्यांची सही सोबत पाठवली हाय. साक्षीदार म्हणून खाली माझी हाय.

जिल्ह्याच्या दाखल्यासाठी आमी हिंगोलीला गेलो तर भिकाबाईबी सोबत आल्या. गाव हललं न्हाई असं लिहून द्या म्हणल्यावर कारकुनानं पेन खाली ठेवला. कोण म्हणतं हललं, असं त्यानं विचारलं. मी म्हणले, परदेशातलं कोर्ट. त्यानं लिहून दिलं, की सदर गाव पूर्वीपासून आहे तेथेच असून जिल्हा मात्र बदलला आहे. काकांनी त्याला अहवाल दाखवला.

तू बोलली ते बराबर होतं, पण सारखं बोलत जाऊ नको.
तुझी मावशी


मुंबई
६ मे २०००

ती. मावशीस व काकांस शीतलचा घाईचा जयभीम. वि. वि. फोन केला होता, तातेरावांनी तुम्हाला सांगितलंच असेल, नव्हे सगळ्या फाट्याला सांगितलं असेल. तरी लिहिते, कारण मला हे लिहायचंच होतं. दादा सुटला. काकांचा अहवाल आणि गाव न हलल्याचा दाखला दोन्ही कोर्टानं मान्य केले. जबाब त्याच्या भाषेत नव्हता, म्हणून तो बाजूला ठेवला. मात्र देश सोडून जायचा हुकूम आहे, म्हणजे नोकरी गेली आणि पुन्हा तिकडे पाऊल ठेवता येणार नाही. गुन्हा नाही आणि तरी शिक्षा, याबद्दल वकीलबाई अजून भांडत आहेत.

तो येत्या गुरुवारी मुंबईत उतरतोय. मी आणायला जाते आणि नांदेडच्या गाडीत बसवते. ओमप्रकाशची फेरसुनावणी मात्र अजून कुणी मान्य केलेली नाही. दादानं निघताना आपलं ब्लँकेट त्याला दिलं.

आनंदात मला विसरू नका.
आपली शीतल


डोंगरकडा
१९ ऑक्टोबर २०००

चि. शीतलला मावशीचा, काकांचा आन् धम्मदीपचा जयभीम. वि. वि. धम्मदीपनं वारंगा फाट्यावर पंखे-मोटारी दुरुस्तीचं दुकान टाकलं. एसी इकडं कोणाकडं हाय. पहिले दोन-तीन महिने दुकानात कोणी खाकी कपड्यातला माणूस आला की त्याचे हात थांबायचे. आता कमी झालंय. दुकानाच्या मागं एक बाकडं टाकलं हाय. परदेशी जाणारी पोरं तिथं येऊन बसतात आन् बॅगेत काय न्यावं, काय नेऊ नये ते विचारतात. तो सांगतो, समजल्याबिगर सही करू नका, आन् काका त्यांना खसखशीवर भाषण देतात. एका पोराची बस त्यात हुकली.

मी आन् भिकाबाई ओमप्रकाशच्या अर्जापायी उन्हाळ्यापासून किती वेळा हिंगोलीला गेलो त्याचा हिशोब न्हाई. एकदा तिथल्या कलेक्टर कचेरीतल्या साहेबांनी मला विचारलं, की बाई, तुमचं लेकरू तर कवाच घरी आलं, आता तुमी काहून येऊन राहिल्या. मी म्हणले, यांना एकटीला बसनं यायला करमत न्हाई. दुसरं काही मला त्या वक्ताला सुचलं न्हाई. साहेबांनी कागद पुढं पाठवला.

आता खरी बातमी. काल ओमप्रकाशचा फोन आला. फेरसुनावणी झाली आन् या वक्ताला हिंदीचा दुभाषी होता. आरोप त्याला समजंल असा वाचून दाखवला. ऐकून तो म्हणला, गोळ्या खाल्ल्या हे खरं, विकल्या हे खोटं. एवढं बोलायला त्या लेकराला वरीस थांबावं लागलं. विकल्याचा गुन्हा काढून टाकला, शिक्षा कमी केली. हिवाळा सरला की घरी येईल. तुरुंगातला डॉक्टरबी आता त्याला तपासून राहिला.

भिकाबाईंनी फोन ठेवला आन् तिथंच सांगितलं, की कोर्टानं कमी केलेली शिक्षा मी तांड्यावर पुरी करून घेणार हाय. सोता त्याला दवाखान्यात नेणार, गाडीच्या चाकाला हात लावू देणार न्हाई, आन् दिवसभर नजरेसमोर बसवणार. मी म्हणले, भिकाबाई, आधी त्याला बोलू तर द्या. त्या म्हणल्या, व्हय, बोलू देईन, पण आमच्या गोरमाटीत. इतके दिवस दुसऱ्याच्या बोलीत बोलून लेकरू थकलं असंल.

तू सुट्टी काढून ये. न आली तर माया कमी करीन असं लिहिणार होते, पण ते काही माझ्यानं होणार न्हाई.
तुझी पद्मामावशी